भिंगाला दुरुस्ती नाही, म्हणून निगा

डोळ्याच्या बाहुलीमागचं भिंग त्वचेसारखं जुन्या पेशी टाकून नव्या घेत नाही. त्याच्या गाभ्यातले तंतू, म्हणजे लांबट पेशी, आपण आईच्या पोटात असताना तयार होतात आणि शेवटपर्यंत तेच राहतात. पारदर्शक राहण्यासाठी त्यांनी केंद्रकही गमावलेलं असतं, त्यामुळे बिघडलेलं प्रथिन बदलायची सोय तिथे नसते. क्रिस्टलिन नावाची ही प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या की प्रकाश विखुरतो. हाच मोतीबिंदू. वय हे त्याचं सगळ्यात मोठं कारण, आणि वयावर इलाज नाही. पण गुठळ्या लवकर व्हायला लावणाऱ्या काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

त्यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. मुलाचे डोळे खाजतात, लाल होतात. डॉक्टरांनी आठवड्यापुरते थेंब दिलेले असतात. आराम पडतो, म्हणून तीच बाटली मेडिकलमधून पुन्हापुन्हा आणली जाते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. महिनोन्‌महिने वापरल्यास भिंगाच्या मागच्या पृष्ठभागाशी डाग धरतो. तो नेमका नजरेच्या वाटेत असल्याने लहान असूनही वाचायला आणि समोरच्या गाडीच्या दिव्यात पाहायला त्रास देतो. शिवाय डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही. दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड चालू असेल, तर ते मनाने बंद करू नका; तसं करणं धोक्याचं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना मात्र सांगा आणि नियमित तपासणी ठेवा.

मधुमेहात जादा ग्लुकोज भिंगात शिरतं, तिथलं अल्डोज रिडक्टेज हे विकर त्याचं सॉर्बिटॉल करतं. ते सहज बाहेर पडत नाही, पाणी ओढून घेतं आणि तंतू फुगतात. साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही हलतो तो यामुळेच. तेव्हा साखर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय नवा चष्मा करू नये, पैसे वाया जातात.

उन्हासाठी गॉगल घ्यायचा तर काचेचा काळेपणा पाहू नका, ‘यूव्ही ४००’ म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच अशी खूण पाहा. अतिनील किरण न अडवणारी गडद काच घातकच, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत जातात. साध्या पॉलिकार्बोनेटच्या पांढऱ्या काचाही हे किरण अडवतात. रुंद कडेची टोपी सोबत असावी, कारण चष्म्याच्या वरूनही ऊन येतंच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, ती वेळ जपायची. अमेरिकेत चेसापीक उपसागरातल्या मच्छीमारांवरचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यभरात अतिनील-बी किरण जास्त झेललेल्यांत भिंगाच्या कडेकडून सुरू होणारा मोतीबिंदू जास्त आढळला.

विडी-सिगारेट सोडल्यावर धोका कमी होतो, पण हळूहळू, वर्षानुवर्षांनी. चुलीच्या धुराचंही तसंच: भारत-नेपाळमधल्या अभ्यासांत लाकडाफाट्यावर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांमध्ये मोतीबिंदू अधिक दिसला. गॅस परवडत नसेल तर निदान धुराडं हवं.

पालेभाज्या, फळं जरूर खा. गोळ्यांवर मात्र खर्च करू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत क आणि ई जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन वर्षानुवर्षं देऊनही मोतीबिंदू टळला नाही (२००१). धूम्रपान करणाऱ्यांत तर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढतो. मध, कांद्याचा रस, ‘बिंदू विरघळवणारे’ थेंब यांनीही गुठळ्या सुटत नाहीत, उलट बुबुळाला जंतुसंसर्ग होण्याची भीती. आणि शस्त्रक्रियेसाठी बिंदू ‘पिकायची’ वाट पाहण्याचा काळ गेला: जास्त पिकलेलं भिंग कडक होतं, काढायला अवघड जातं.