तालीम (नाटकाची)

तालीम : नाटक बसवताना पहिल्या वाचनापासून पहिल्या प्रयोगापर्यंत नटसंचाने रोज एकत्र येऊन केलेला सराव. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकवण. मराठीत तो कुस्तीच्या आखाड्यालाही लागला आणि नाटकाच्या सरावालाही. कोल्हापुरात त्याला तिसरा अर्थ आहे. इथे तालीम म्हणजे पेठेतले मंडळ. तिच्या नावाने गणपती बसतो आणि तिच्याच नावाने फुटबॉलचा संघ मैदानात उतरतो (पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम). अनेक हौशी संस्थांना सरावाची पहिली जागा अशाच एखाद्या तालमीच्या माडीवर मिळते, त्यामुळे तिन्ही अर्थ एका जिन्याने वर चढतात.

प्रेक्षकाला दिसतो तो दोन-सव्वादोन तासांचा प्रयोग. रोज सव्वादोन तास धरले आणि पंचेचाळीस दिवस मिळाले, तर त्यामागे शंभर तासांची तालीम असते. समकालीन हौशी नाटकाचे सामाजिक काम प्रयोगात जेवढे होते, तेवढेच किंबहुना त्याहून अधिक या शंभर तासांत होते. नाटकाविषयी लिहिताना हा भाग बहुधा सुटतो, म्हणून तो इथे विस्ताराने दिला आहे.

पार्श्वभूमी. शेजारच्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले. पुढच्या नाटक मंडळ्यांत तालीममास्तर हे पद असे. किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) हे या कामात नावाजलेले होते. आजच्या दिग्दर्शकाचे पुष्कळसे काम तेव्हा तालीममास्तर करी, फक्त त्याचा भर उच्चार, आवाज आणि अभिनयावर असे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर उभारले व ते १९१५ साली सुरू झाले. १९५७ मध्ये त्याला गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव देण्यात आले. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणे हीच तालमीची पहिली कसोटी होती. नाट्यगृहाला लागून खासबागचे कुस्ती मैदान आहे. दोन्ही तालमींचे कळस एका आवारात यावेत हे शहराच्या स्वभावाला धरूनच झाले. मंडळ्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव व बाबूराव पेंटर हेही याच शहरातले, आणि त्यांच्या पडद्यांच्या कामातूनच पुढे इथली चित्रपटनिर्मिती उभी राहिली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळाले. नंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. प्रयोगाला पर्यायी सभागृह शोधता येते, पण ज्या फळीवर प्रयोग व्हायचा तिच्यावरच दोन दिवस तालीम करायला मिळणे ही चैन त्या रात्रीपासून संपली. नव्या नटाचे त्यात सर्वांत मोठे नुकसान आहे, कारण मोठ्या रंगमंचाची सवय सांगून होत नाही.

जागा. तालमीला किमान रंगमंचाएवढी मोकळी जमीन हवी, म्हणजे साधारण २८ फूट रुंद आणि २० फूट खोल. प्रत्यक्षात मिळतो तो शाळेचा वर्ग, देवळाचा मंडप किंवा माडीवरची २० बाय १५ ची खोली. इथून पहिली चूक सुरू होते. खोलीत दारापासून खुर्चीपर्यंत पाच पावले असतात, रंगमंचावर तीच सात होतात. नट सवयीने पाचव्या पावलाला वाक्य संपवतो आणि उरलेली दोन पावले मुकाट चालतो. प्रवेश तिथे सांडतो. उपाय साधा आहे. शेवटच्या पंधरवड्यात निदान चार दिवस पटांगणात पूर्ण मापाची आखणी करून तालीम घ्यावी. दोरी, खडू आणि मोजपट्टी पुरते. दारे, खिडक्या व लेव्हल (उंचवटे) कुठे येणार ते चुन्याने दाखवावे आणि दाराच्या जागी दोन खुर्च्या ठेवाव्यात, नाहीतर मंडळी भिंतीतून ये-जा करू लागतात.

दुसरी अडचण पावसाची. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारणपणे दिवाळीच्या पुढेमागे येते, म्हणून संहितेची निवड आणि वाचने पावसाळ्यात होतात. पत्र्याच्या छपराखाली कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की समोरच्याचे ऐकू येत नाही आणि सगळे ओरडून बोलू लागतात. आठ दिवसांत तो ओरडा सवयीचा होतो. मग हळवे वाक्यही पाऊस पडत असल्यासारखे येते. जोराच्या सरीत वाचन थांबवून हालचालींचे काम करावे.

वेळ आणि माणसे. संचात बँकेतला कारकून, शिक्षिका, महाविद्यालयीन मुले, गोकुळ शिरगाव किंवा शिरोली औद्योगिक वसाहतीतला कामगार अशी सरमिसळ असते. तालीम संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन पावणेदहाला संपते. कामगाराची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून रंगमंच व्यवस्थापकाने पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या पाळ्या, परीक्षा आणि घरातली लग्ने एका वहीत उतरवून घ्यावीत आणि प्रयोगाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजत वेळापत्रक आखावे. ज्या संस्था हे करत नाहीत, त्यांच्याकडे पहिला अंक चाळीसदा झालेला असतो आणि दुसरा सहादा.

मुलींचे प्रवेश आधी घेऊन त्यांना नऊच्या आत मोकळे करणे आणि घरापर्यंत सोबत देणे हा नियम अनेक संस्था पाळतात. तो पाळल्याशिवाय इथे स्त्री कलाकार टिकत नाहीत. घरचे नाटकाला विरोध करतात असे सरसकट म्हटले जाते, पण बहुतेक वेळा विरोध परतीच्या वेळेला असतो, आणि वेळ पाळली की तोच भाऊ किंवा सासरा पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत असतो.

वाचन. पहिले पाच-सहा दिवस बसून वाचन. टंकलिखित एक पान साधारण दीड ते दोन मिनिटे घेते, त्यावरून नाटकाची लांबी ताडता येते; साठ पानांच्या पुढे गेलेल्या संहितेला कात्री लागणारच, ती आत्ताच लावावी. कारण दुसरेही आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. नंतर तालमीत वाक्ये बदलत गेली, तर मंजूर संहिता एक आणि प्रयोग दुसराच असे होते.

बोलीचा निर्णयही वाचनातच घ्यावा. कोल्हापूरची मुलगी घरी सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे पुल्लिंगी बोलते. पुण्यातल्या घरात घडणाऱ्या नाटकात तिला ‘मी आले’, ‘मी जाते’ म्हणायचे असते. शांतपणे बोलताना ते जमते, पण रागाच्या किंवा रडण्याच्या प्रवेशात जीभ घरी परतते आणि सभागृह हसते. दोष मुलीचा नसतो. एकतर नाटकच कोल्हापुरात आणावे, मग ‘काय करालायस’ आणि ‘मी चाललो’ ही त्या पात्राची ताकद होते, किंवा भावनेच्या जागा सावकाश, सपाट स्वरात वीस-वीसदा म्हणवून घ्याव्यात. पहिला मार्ग चांगला. प्रमाण बोलीच्या धाकाने इथल्या कितीतरी चांगल्या नटांचे अर्धे लक्ष व्याकरणात अडकून गेले आहे.

उभी तालीम. सातव्या-आठव्या दिवसापासून नट उभे राहतात. कोणी कुठून यायचे, कोणत्या वाक्याला उठायचे, कोणाला झाकायचे नाही हे ठरते. दिग्दर्शकाने हालचाली संहितेत शिसपेन्सिलीने लिहाव्यात, कारण त्या किमान तीनदा बदलतात. विसाव्या दिवशी संहिता हातातून सुटली पाहिजे. कागद हातात असेपर्यंत नट समोरच्याकडे बघत नाही, आणि बघत नाही तोवर ऐकतही नाही.

वस्तूही तेव्हाच खऱ्या आणाव्यात. रिकाम्या पेल्याने महिनाभर चहा प्यालेला नट प्रयोगात भरलेला कप उचलतो तेव्हा त्याचा हात वजन विसरलेला असतो, आणि चहा धोतरावर जातो. ट्रंक रिकामी असेल तर आत विटा ठेवाव्यात; जड ट्रंक उचलण्याचा अभिनय तिसऱ्या रांगेतूनही खोटा दिसतो.

एका प्रवेशाची तालीम. विधवा झालेल्या बाईच्या बांगड्या फोडून कुंकू पुसण्याचा प्रवेश ग्रामीण विषयाच्या नाटकांत येतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हापासून या जिल्ह्यात तो करताना अंगावर जास्त जबाबदारी येते. तांत्रिक अडचण आधी कळते. काचेचे तुकडे चार-पाच फुटांवर उडतात आणि पुढच्या प्रवेशात पात्रे अनवाणी येतात. त्यासाठी जाड सतरंजी अंथरून तिच्यावरच प्रवेश करावा आणि अंधारात ती तशीच गुंडाळून विंगेत (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात) न्यावी. तरीही एखादा तुकडा राहतो, म्हणून ओल्या फडक्याने फळी पुसायला एक माणूस ठरलेला हवा.

खरा प्रश्न त्यानंतर येतो : बांगड्या फोडतो कोण? तरुण दिग्दर्शक बहुधा एखाद्या दांडगट पुरुषाला पुढे करतो. संचातल्या वयाने मोठ्या बाईला विचारले तर ती सांगते की हे काम घरातल्या, भावकीतल्या बायकाच करतात, पुष्कळदा त्या स्वतः विधवा असतात, आणि करताना त्याही रडत असतात. या एका माहितीने प्रवेश उलटा होतो. खलनायक उरत नाही, रीत उरते. काही संस्था मग फोडणेच काढून टाकतात. बाई एकेक बांगडी उतरवून स्टीलच्या ताटात ठेवते. आठ बांगड्या, आठ आवाज. सभागृह गप्प असेल तर तो आवाज दहाव्या रांगेपर्यंत जातो आणि फळीवर काचही सांडत नाही. सामाजिक नाटकात ‘संदेश’ भाषणातून द्यावा लागतो ही समजूत अशा तालमीत मोडते.

तांत्रिक तालीम. नेपथ्याचे फ्लॅट (खोट्या भिंती) बहुधा ८ बाय ४ फुटांचे, लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून केलेले असतात. कापडाला आधी सरस आणि खडूच्या भुकटीचा हात द्यावा, नाहीतर रंग झिरपतो आणि मागचा दिवा आरपार दिसतो. प्रत्येक फ्लॅटला मागून टेकू आणि टेकूवर वाळूची पिशवी हवी. दार आपटले की भिंत हलते, ती टेकू ढिला असल्यामुळे.

प्रकाशाचा हिशेब आधी कागदावर करावा. १००० वॅटचा एक दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर ओढतो. बारा दिव्यांना ५२ अँपिअर लागतात. शाळेच्या भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच चालतील, चौथ्याला फ्यूज उडू शकतो, आणि तो नेमका शेवटच्या प्रवेशात उडतो कारण तेव्हाच सगळे दिवे पेटतात. गावातल्या प्रयोगासाठी एलईडी दिवे सोयीचे, त्यांना वीज फार कमी लागते. मात्र स्वस्त दिवे हळूहळू मंद होत नाहीत, शेवटच्या टप्प्यावर झटक्याने विझतात. सावकाश अंधार हवा असेल तिथे एक तरी जुन्या पद्धतीचा दिवा ठेवावा.

रंगीत तालीम. वेश, रंगभूषा, प्रकाश, संगीत यांसह न थांबता केलेली पूर्ण तालीम. दिग्दर्शकाने मागच्या रांगेत बसून फक्त टिपणे घ्यावीत. इथे उघडी पडणारी नेहमीची चूक वेश बदलण्याच्या वेळेची असते. नऊवारी नेसायला सराव असला तरी पाच-सहा मिनिटे जातात आणि संहितेत दोनच मिनिटे असतात. शिवलेली नऊवारी वापरावी किंवा मधल्या प्रवेशाची लांबी वाढवावी. बाईला आत एकावर एक दोन साड्या नेसवण्याचा तोडगा टाळावा. दिव्यांच्या उष्णतेत तिला घेरी येते.

रंगीत तालमीला वीस-पंचवीस बाहेरची माणसे बोलवण्याची पद्धत चांगली आहे. नाटकवाल्यांना मात्र बोलावू नये. दूधवाला, शेजारची शिकवणी घेणारी बाई, ज्याच्या माडीवर महिनाभर आवाज केला तो घरमालक अशी माणसे हवीत. त्यांना ‘कसे वाटले’ असे विचारले तर ‘छान’ एवढेच उत्तर येते. ‘कुठे कंटाळा आला?’ आणि ‘त्या बाईच्या जागी तुम्ही काय केले असते?’ हे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाची रीत ब्राझीलच्या आगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांच्या पद्धतीला जवळची आहे. त्यांच्या फोरम नाट्यात प्रेक्षक प्रवेश थांबवतो, पात्राच्या जागी स्वतः उभा राहतो आणि वेगळे वागून दाखवतो. नाटक ही प्रत्यक्ष बदलाची तालीम आहे, असा त्यांचा विचार होता. ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणात ही पद्धत लगेच रुजते, पण एक पथ्य पाळावे लागते. गावातल्या खऱ्या भांडणाशी जुळणारा प्रवेश घेतला, तर पुढे आलेली सून रात्री त्याच घरी जाणार आहे हे विसरू नये. तिला मंचावर ओढू नये. ती स्वतः उठली तरच जागा द्यावी.

पुढचे प्रयोग. स्पर्धेनंतर महिना-दोन महिन्यांनी प्रयोग ठरला की उजळणी तालीम लागते : एक दिवस बसून दुप्पट वेगाने फक्त संवाद, दुसऱ्या दिवशी हालचालींसह. बदली नटाला चार दिवस द्यावेत आणि त्याने मूळ नटाची नक्कल करू नये यावर नजर ठेवावी. रंगमंच व्यवस्थापकाची वही तेव्हा कामाला येते. प्रत्येक लेव्हलचे माप, प्रत्येक वस्तू कोणत्या विंगेत, कोणत्या बाजूच्या टेबलावर, बांगड्या किती आणि कोणाच्या मापाच्या, हे त्यात असते. ही वही हरवलेल्या संस्थेला नाटक नव्याने बसवावे लागते.