इलेक्ट्रॉनिक अभिलेख अभिलेखागाराकडे हस्तांतरित करणे : संज्ञा, पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

हस्तांतरणाचा प्रस्ताव तयार करण्यापूर्वी ‘अभिलेख’ कशाला म्हणायचे हे संस्थेने लेखी ठरवावे, कारण पात्रता त्यावरच अवलंबून असते. अभिलेख व्यवस्थापनाच्या आयएसओ १५४८९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार कायदेशीर दायित्व पार पाडताना किंवा कामकाजाच्या ओघात निर्माण अथवा प्राप्त झालेली, आणि पुरावा व मालमत्ता म्हणून राखलेली माहिती म्हणजे अभिलेख. माध्यम किंवा लांबी येथे गौण आहे. मंजुरी देणारा दोन ओळींचा ईमेल अभिलेख ठरतो, तर त्याच विषयावरील टिपणाच्या जादा प्रती सहसा ठरत नाहीत.

मंजूर जतन कालावधी सूचीत ‘कायम’ अशी नोंद असलेले आणि ज्यांवरील कार्यवाही पूर्ण झाली आहे, असेच अभिलेख साधारणपणे हस्तांतरणास पात्र असतात. उरलेल्यांचे मुदत संपल्यावर निंदणीकरण, म्हणजे रीतसर नष्टीकरण होते. बॅकअपला अभिलेखागार समजण्याची चूक मात्र टाळलीच पाहिजे : बॅकअप हा यंत्रणा कोलमडल्यास ती पूर्ववत करण्यासाठी असतो आणि ठरावीक काळाने त्यावर नवी प्रत चढते; अभिलेखाचा संदर्भ आणि त्याची अस्सलता जपणे हे त्याचे काम नव्हे.

प्रस्तावासोबत हस्तांतरण यादी, जतन कालावधी सूचीतील संबंधित उतारा, खासगी माहितीमुळे लागू होणारे प्रवेशनिर्बंध आणि मेटाडेटा द्यावा लागतो. अभिलेख कोणी, केव्हा व कोणत्या कामासाठी निर्माण केला, हे मेटाडेटातून कळले नाही तर फाइल उघडूनही तिचा अर्थ लागत नाही. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधील आशयावरून संगणकाने काढलेली, बदल ओळखण्यासाठीची संख्या) यादीत नोंदवावा. फाइलचे नाव बदलल्याने तो बदलत नाही, परंतु फाइल उघडून पुन्हा सेव्ह केल्यास बदलू शकतो. म्हणून चेकसम काढल्यानंतर फाइल्सना हात लावू नये.

पुढील टप्प्यांची नावे आयएसओ १४७२१ या मानकातील आहेत (हे मानक मुळात अंतराळ संशोधन संस्थांच्या माहितीविषयक समितीने घडवले). संस्था पाठवते तो ‘सादरीकरण संच’. अभिलेखागार त्याची तपासणी करून ‘जतन संच’ तयार करते आणि वाचकाने मागणी केल्यावर त्यातून ‘वितरण संच’ देते. चेकसम जुळले नाहीत किंवा यादीत तफावत आढळली, तर संच परत येऊ शकतो. त्यामुळे स्वीकृतीचे लेखी पत्र हाती येईपर्यंत संस्थेने आपल्याकडील मूळ फाइल्स काढून टाकू नयेत, आणि त्यानंतर काढल्यास त्याचीही दिनांकासह नोंद ठेवावी.