गुलमर्गच्या गंडोलाचं तिकीट आम्ही एवढं आधी का मागतो

काश्मीरच्या सहलीचं बुकिंग झालं की दोन-तीन दिवसांत आमचा फोन येतो. गंडोलाचा, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचा, एकच टप्पा करायचा की दोन्ही, कोण कोण जाणार, आधार कार्डांचे फोटो पाठवा. त्यावर बरेच जण म्हणतात, "अहो, अजून दीड महिना आहे. तिथे गेल्यावर बघू." हे पत्रक खास त्या उत्तरासाठी लिहिलं आहे.

पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा तिथून वर अफरवटच्या डोंगरावर, हे बहुतेकांना माहीत असतं. पण दोन्हींची तिकिटं वेगळी असतात. ती केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर, तारीख आणि ओळखपत्राचा तपशील भरून काढावी लागतात, आणि एका दिवसाची तिकिटं मोजकीच असतात. मे महिन्याच्या सुट्टीत आणि नाताळच्या सुमाराला दुसऱ्या टप्प्याची तिकिटं बघता बघता संपतात.

मागे आमच्याबरोबर नऊ जणांचं एक कुटुंब होतं. पहिला टप्पा पुरे, असं घरी ठरलं होतं. कोंगडोरीला उतरल्यावर समोर बर्फाचा उतार दिसला, एकामागून एक डबे वर चाललेले दिसले आणि मुलं हटून बसली. काका नोटा हातात घेऊन खिडकीशी गेले, पण रोख देऊन तिकीट मिळेना. मोबाइल काढला तर सिम प्रीपेड. आपल्याकडची प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालतच नाहीत. शेवटी जावयाच्या पोस्टपेडवर संकेतस्थळ उघडलं, तेव्हा त्या दिवसाची तिकिटं संपलेली होती. यात दोन तास गेले. तेवढा वेळ मुलं बर्फात खेळली असती, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. आमच्या माणसाला बोलणी बसली, पण त्या घडीला त्याच्या हातात काहीच नव्हतं.

अशा वेळी कुणीतरी जवळ येऊन "मी मिळवून देतो" म्हणतो. कृपा करून त्याच्या नादी लागू नका. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट ओळखपत्राशी जुळत नाही, आणि पैसे परत मागायला तो माणूस पुन्हा सापडत नाही.

नावांचंही तसंच. लग्नानंतर ताईंचं नाव बदललेलं असतं, आधारवर मात्र माहेरचंच असतं. आम्हाला नाव येतं सासरचं. म्हणून आम्ही कार्डाचा फोटोच मागतो आणि नाव त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून घेतो. यात अविश्वास नाही.

आता कोणी कुठवर जायचं? आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. गंडोला जिथून सुटतो ते गुलमर्गच त्याहून हजारेक मीटर उंच आहे. कोंगडोरी साधारण ३,१०० मीटरवर, आणि दुसरा टप्पा चार हजारांच्या जवळ नेऊन सोडतो. तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के असतो. डबा काही मिनिटांत वर पोहोचतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हृदयविकार, दमा किंवा काबूत नसलेलं ब्लड प्रेशर असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आजी-आजोबांना आम्ही कोंगडोरीपर्यंतच नेतो. तिथेही डोळे निवतात, गरम चहा मिळतो आणि आमचा एक माणूस त्यांच्याजवळ थांबतो. वर गेल्यावर मात्र कुणीही धावायचं नाही, तरुणांनीसुद्धा.

वारा वाढला की गंडोला बंद ठेवतात. तो निर्णय कॉर्पोरेशनचा असतो आणि सुरक्षिततेसाठी असतो, त्यावर आम्ही हुज्जत घालत नाही. तिकिटाचे पैसे परत आले की जसेच्या तसे तुम्हाला देतो. तिकिटावर आम्ही एक रुपयाही चढवत नाही. मूळ पावती आणि छापील तिकीट, दोन्ही श्रीनगरलाच तुमच्या हातात देतो.

आमचं पॅकेज दोन-चार हजारांनी महाग का, असंही विचारलं जातं. आम्ही गुलमर्गला एक रात्र मुक्काम ठेवतो, म्हणून. श्रीनगरहून पन्नासेक किलोमीटर येऊन त्याच दिवशी परतणारी मंडळी पोहोचतात तेव्हा रांग लांबलेली असते. आमची माणसं नाश्ता करून सकाळीच रांगेत असतात. डोंगरात दुपारनंतर हवा फिरते, त्यामुळे सकाळचा हा वेळ फार मोलाचा असतो. कोट-बुटांचं भाडंही आम्ही आधीच ठरवून ठेवलेलं असतं, वाटेत टंगमर्ग गावाला गाडीतून उतरून घासाघीस करावी लागत नाही.

एक टप्पा की दोन, हे घरात ठरत नसेल तर कळवा. दोन्ही ठिकाणी आमच्या माणसांनी काढलेले व्हिडिओ पाठवतो. रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना एकत्र बसवून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी नावं आणि कार्डांचे फोटो पाठवा. तिकिटं त्याच दिवशी काढायला घेऊ.