वसंतागमाच्या खुणा (घरच्या बागेतील)

हिवाळा सरत असताना बागेतल्या झाडांत, मातीत, कीटकांत आणि पक्ष्यांत दिसू लागणारे पहिले बदल, तसेच ते वर्षानुवर्षे एका ठरलेल्या रीतीने टिपून ठेवण्याचा परिपाठ. फांदीवरचा डोळा (पान किंवा फूल ज्यातून फुटते तो मिटलेला कोंब) फुगणे, कंदाचा कोंब मातीबाहेर येणे, जुनी पाने झडून तांबूस पालवी फुटणे, पक्ष्यांचा आवाज बदलणे अशा घटनांचा यात समावेश होतो. ऋतूंबरोबर सजीवांत होणाऱ्या बदलांच्या अभ्यासाला फिनॉलॉजी म्हणतात. बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल मॉरन यांनी १८४९ मध्ये हा शब्द रूढ केला. घरबागेतले निरीक्षण हे या शास्त्राचे सर्वांत साधे रूप होय. त्याला वही आणि पेन्सिल पुरते, पण त्याच झाडापाशी पुनःपुन्हा जाण्याचा कंटाळा करून चालत नाही.

वसंत नेमका कधी लागतो, याचे उत्तर विचारावे तसे मिळते. उत्तर गोलार्धात हवामानशास्त्र १ मार्च धरते, खगोलशास्त्र २० मार्चच्या सुमाराचा, दिवस-रात्र समान असण्याचा संपात धरते, तर भारतीय ऋतुगणनेत चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने. दक्षिण गोलार्धात हाच ऋतू सप्टेंबरात येतो. बाग यांपैकी कोणत्याही तारखेला बांधलेली नसते. शिवाय समशीतोष्ण प्रदेशातल्या बहुतेक फळझाडांवर वसंतात उमलणारी कळी आदल्या उन्हाळ्यातच डोळ्याच्या आत आकार घेऊ लागलेली असते. बाहेरून निष्पर्ण दिसणारी फांदी म्हणजे रिकामी फांदी नव्हे.

डोळा उघडतो कसा : थंड प्रदेशातल्या झाडांचा डोळा दोन टप्प्यांतून जागा होतो. आधी त्याला पुरेशी थंडी मिळावी लागते. साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसमधले तास त्यासाठी उपयोगी ठरतात. सफरचंदाच्या अनेक जातींना असे ८०० ते १,००० तास लागतात, काही जातींचे याहून पुष्कळ कमी तासांत भागते. ही भूक भागेपर्यंत मधेच दोन-चार दिवस ऊन पडले तरी डोळा हलत नाही. थंडी पुरी झाली की दुसरा टप्पा सुरू होतो आणि डोळा ऊब साठवू लागतो. रोजच्या सरासरी तापमानातून वाढीसाठी लागणारे एक ठरावीक, ‘पायाभूत’ तापमान वजा करून उरलेले अंश जमा करत गेले की ही साठवण मोजता येते. उदाहरणार्थ, दिवसाचे कमाल तापमान १६, किमान ८, म्हणजे सरासरी १२. पायाभूत तापमान ५ धरले तर त्या दिवसाची जमा ७ अंश. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५ मध्येच अशा उष्णतेच्या बेरजेची कल्पना मांडली होती.

यातून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट निघते. हिवाळा फार सौम्य गेला तर वसंत लवकर येईलच असे नाही. थंडीची भूक अपुरी राहिलेले झाड उशिरा आणि विस्कळीत फुटते. एका फांदीवर पाने, तर शेजारची फांदी अजून बोडकी. असे झाड रोगट असल्याचा समज सहज होतो.

दिवसाची लांबी हा आणखी एक धागा. पक्ष्यांत तो विशेष बळकट असतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस भागातल्या पेशी कवटीतून आत झिरपणारा प्रकाश थेट ओळखतात, आणि दिवस मोठा होऊ लागला की विणीची संप्रेरके वाढतात. म्हणून कडाक्याच्या थंडीतही, झाडावर एक पान नसताना, पक्षी गायला सुरुवात करतात.

काय पाहावे : नवशिका फूल शोधतो, जाणता माणूस डोळा पाहतो. डोळ्यावरचे खवले घट्ट मिटलेले असतात. ते किंचित सैल झाले की कडेला फिकट रेघ दिसते, मग सफरचंदात टोकाला रुपेरी लव, त्यानंतर हिरवे टोक. या पायऱ्या दर वर्षी त्याच क्रमाने येतात, म्हणून त्यांची नोंद फुलाच्या नोंदीहून जास्त बोलकी असते. भिंग असल्यास काम सोपे होते. नसल्यास फांदी आकाशाच्या उजेडासमोर धरून बाह्यरेषा पाहावी. हेझल या थंड प्रदेशातल्या झुडपावर लोंबणारे नरतुरे शरद ऋतूपासूनच असतात, त्यामुळे ते दिसले म्हणजे वसंत आला असे नव्हे. ते लांबून सैल झाले आणि बोट लावताच पराग उडाला, तर खूण खरी. त्याच झुडपावरची मादीफुले इतकी बारीक असतात की डोळ्याच्या टोकावर लाल धाग्यांचा झुबका एवढेच दिसते.

कंदवर्गीय झाडांत स्नोड्रॉप सर्वांत आधी उगवणाऱ्यांपैकी एक. त्याच्या पानांची टोके टणक असतात आणि गोठलेली माती भेदू शकतात. रात्री दहिवर गोठले की पाने लोळण घेतात आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा ताठ होतात. क्रोकसचे फूल तर दिवसातून अनेकदा उघडमीट करते, कारण उबेत पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जलद वाढते. दुपारी उघडे दिसलेले फूल संध्याकाळी मिटलेले आढळले, तर गोंधळून जाऊ नये. वहीत वेळही लिहावी.

जमिनीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. माती सैल आणि उबदार होऊ लागली की गांडुळे वर सरकतात व पृष्ठभागावर मातीचे बारीक पुंजके टाकतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला की बागवान वैतागतो, पण निरीक्षकाच्या दृष्टीने रस वर चढल्याचीच ती खूण. १० अंशांच्या आसपासचा उन्हाचा दिवस मिळाला की मधमाश्या पोट हलके करायला पोळ्याबाहेर झेपावतात; थंडीभर त्यांनी विष्ठा आत रोखून धरलेली असते. बंबलबी या जाड, केसाळ माशीची राणी मात्र एकटीच जमिनीतून बाहेर येते, कारण आदल्या वर्षीची बाकीची वसाहत मरून गेलेली असते. उड्डाणापूर्वी ती स्नायू थरथरवून छाती ३० अंशांच्या आसपास तापवते. जमिनीलगत नागमोडी घिरट्या घालणारी मोठी केसाळ माशी दिसली, तर ती राणी असून बीळ शोधते आहे असे समजावे.

उष्ण प्रदेशात : बर्फाळ देशांतल्या याद्या येथे तशाच लावणे चुकीचे. येथे झाडाला थांबवते ती मुख्यतः कोरड, थंडी नव्हे. पाने गळली की बाष्पीभवन घटते, मुळांनी खोलवरून ओढलेले पाणी खोडात पुन्हा भरते आणि डोळे फुटतात. म्हणूनच पावसाला अजून महिने असताना, ऐन कोरड्या दिवसांत पिंपळ आणि कडुलिंब नव्या पानांनी झगमगू लागतात. ही पालवी आधी तांबूस असते. तो रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. हरितद्रव्य भरेपर्यंत कोवळ्या पानाला कडक उन्हापासून त्याचा आधार मिळतो. पळस, पांगारा आणि काटेसावर पानांविनाच फुलतात. आंब्याला मोहोर यायला थंड रात्री लागतात, तेव्हा थंडीचा काहीच वाटा नाही असेही म्हणता येत नाही. पक्ष्यांत शिंपी नराच्या शेपटीतली मधली दोन पिसे लांब होतात आणि जांभळा सूर्यपक्षी मळका पिसारा टाकून चकाकू लागतो.

फसवा वसंत : वेळेआधीची ऊब आणि तिच्यामागून आलेले हिमदव, हा बागेतला जुना दगा. सफरचंदाचा डोळा रुपेरी टोकाच्या अवस्थेत उणे ९ अंशांच्या आसपास तग धरतो, पूर्ण फुललेले झाड मात्र उणे २ अंशांतच दहातले एक फूल गमावते आणि उणे ४ च्या सुमारास जवळजवळ सारी फुले. २००७ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात उबदार मार्चनंतर एप्रिलच्या सुरुवातीला गोठवणारी थंडी आली आणि फळबागा होरपळल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवरही हीच पाळी आली. एका खुणेवर विसंबून झाडांवरचे आच्छादन काढू नये, ते यासाठीच.

नोंद : झाड नेमके ठरवून त्याला खूणचिठ्ठी बांधावी. ‘फूल आले’ म्हणजे काय, हेही आधीच ठरवावे. निदान तीन फुले पूर्ण उघडी, अशी व्याख्या पुरेशी. भिंतीच्या उबेतले झाड आणि खोलगट जागेत, जिथे रात्री थंड हवा साचते तिथले झाड, यांच्या तारखा एकाच बागेत वेगळ्या पडतात, म्हणून दोन्ही स्वतंत्र लिहाव्यात. सर्वांत दुर्लक्षित नोंद म्हणजे ‘आज पाहिले, अजून नाही’. ती नसेल तर सुटीच्या दिवशी दिसलेले फूल त्याच दिवशी उमलले की चार दिवस आधी, हे कळायला मार्ग राहत नाही. तुलनेसाठी वर्षातल्या दिवसाचा अनुक्रमांक सोयीचा : १ मार्च हा ६० वा दिवस, लीप वर्षात ६१ वा.

अशा वह्या किती टिकतात याचे ठळक उदाहरण इंग्लंडमधील नॉरफकचे. तेथील जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून पहिले फूल, पहिले पान, बेडकांचा आवाज अशा २७ खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्यांच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. जपानमधील क्योतोच्या चेरीबहराच्या तारखा याहून कितीतरी मागे, इ.स. ८१२ पर्यंत जातात. २०२१ मध्ये तेथे पूर्ण बहर २६ मार्चला आला, आणि एवढ्या लवकरची तारीख तोवरच्या साऱ्या नोंदींत दुसरी नव्हती. जुन्या तारखा जुळवल्या गेल्या त्या दरबारी मंडळी आणि भिक्षू यांच्या रोजनिशांतून. हवामानाचा अभ्यास त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता. फुले पाहायला कधी गेलो, एवढेच त्यांनी लिहून ठेवले होते.