एमएसचा थकवा आणि एमआरआयवरचे पांढरे ठिपके, मागची गोष्ट

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण बिघडवणारा आजार, ज्यांच्या घरात आहे त्यांना ठाऊकच आहे. 1868 मध्ये पॅरिसात त्याचं नीट वर्णन झालं, 1981 मध्ये मेंदूत इजा झालेल्या जागा एमआरआयवर पांढरे ठिपके म्हणून दिसायला लागल्या आणि तिथून आजार ठिपक्यांवरूनच जोखायची सवय लागली.

थकवा मात्र त्यात बसेना. 1989 मध्ये थकवा मोजायची नऊ प्रश्नांची स्केल आली, मग नव्वदीत स्कॅन शेजारी ठेवून बघितलं तर ठिपके जास्त म्हणून थकवा जास्त असं काही जुळलंच नाही. माझ्या वहिनीचं तेच, गणेशचवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसली, पाच-सहा लाटल्या आणि लाटणं हातातच राहिलं, म्हणाली भावोजी, आता बोटसुद्धा उचलत नाही. रिपोर्टात काय, तर नवीन लेजन, म्हणजे ठिपका, नाही, स्टेबल. घरात त्याचा अर्थ निघाला आळस. फार वाईट वाटलं मला.

खरा गुंता शब्दाचा आहे. 1998 मध्ये अमेरिकेत व्याख्या ठरली की अंगातली किंवा मनाची शक्ती कमी पडतेय असं पेशंटला किंवा सांभाळणाऱ्याला जाणवतं आणि रोजची कामं अडतात, तो थकवा. म्हणजे मोजायचं काय तर जाणीव. काहींना हे पटलं नाही, पण माझ्या मते बरोबरच होतं, पेशंटचं म्हणणं तरी पहिल्यांदा धरलं गेलं. 2013 मध्ये दोन गोष्टी वेगळ्या करा अशी मांडणी आली, एक जाणवणारा थकवा आणि दुसरं काम करता करता खरोखर ताकद उतरणं. मराठीत आपण दोन्हीला थकवाच म्हणतो, डॉक्टर विचारतात थकवा येतो का आणि वहिनी सांगते संध्याकाळी पाय गळतात, झालं, दोन्ही एकाच खात्यात. एकाच मार्कात दोन्ही मिसळले तर स्कॅनशी ताळमेळ कसा बसणार?

तरी स्कॅनचं काम थांबलं नाही. 1997 च्या पेट स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदू साखर किती वापरतो ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, थकणाऱ्यांच्या मेंदूचा पुढचा भाग आणि बेसल गँग्लिया नावाचे आतले भाग साखर कमी वापरताना दिसले, 2002 मध्ये साधी हाताची हालचाल करताना मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमससकट काही भागांत फरक दिसला. तेव्हापासून लक्ष ठिपक्यांवरून मेंदूच्या भागांमधल्या जोडण्यांकडे गेलं. पण एकट्या पेशंटचा स्कॅन बघून थकवा अजून सांगता येत नाही.

औषधांचंही तसंच. 2021 मध्ये एमएसच्या थकव्यासाठी 141 जणांवर अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही औषधं तपासली, तिन्ही प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा, सरस ठरली नाहीत. अंग तापलं की त्रास वाढतो हे तर फार पूर्वीपासून माहीत आहे, म्हणून वहिनी आता मे महिन्यात स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकते आणि नेवऱ्या तीन दिवसांत वाटून करते.