न लागलेले छर्रे

शिकाऱ्याचा नेम चुकला की बदक वाचलं, असं आपण धरून चालतो. पाणथळ जागी हा हिशेब चुकतो. बारा बोअरच्या बंदुकीच्या एका काडतुसात शिशाचे साधारण दोनशेच्या वर छर्रे, म्हणजे बारीक गोळ्या, असतात. नेम बरोबर लागला तरी त्यातले मोजकेच पक्ष्याच्या अंगात शिरतात. बाकीचे पाण्यात पडतात आणि तळाच्या चिखलात जाऊन बसतात. शिसं तिथे वर्षानुवर्षं टिकून राहतं. दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या मुखाशी असलेल्या कामार्गच्या पाणथळ प्रदेशात काही ठिकाणी चिखलाच्या वरच्या थरात हेक्टरी 20 लाखांच्या आसपास छर्रे मोजले गेले आहेत.

बदकाला दात नसतात. दाणे भरडण्याचं काम त्याच्या पोटातली पेषणी करते. ही जाड स्नायूंची पिशवी असते आणि तिला बारीक खडे लागतात, म्हणून बदकं चिखलातून खडे वेचून गिळतात. दोन-तीन मिलिमीटरचा गोल छर्रा त्यांना खड्यासारखा किंवा बियाण्यासारखाच वाटतो. एकदा तो पेषणीत गेला की खड्यांवर घासून झिजतो, आणि झिजलेलं शिसं जठरातल्या आम्लात विरघळून रक्तात उतरतं. कडक दाणे खाणाऱ्या बदकात पेषणी जोरात चालते, म्हणून छर्राही लवकर झिजतो.

पुढचं सगळं हळूहळू होतं. शिसं हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या एन्झाइमना अडवतं, त्यामुळे पक्ष्याचं रक्त कमी होत जातं. नसा बधिर होतात, अन्न पुढे सरकत नाही, विष्ठा हिरवी होते. पंख मिटून घेण्याचीही ताकद उरत नाही आणि ते पाठीवर उतरत्या छपरासारखे लोंबतात. छातीचे स्नायू वाळून हाड वर येतं. बहुतेक पक्षी दोन-तीन आठवड्यांत मरतात. लहान बदकाला त्यासाठी एखादा छर्राही पुरतो.

‘आम्ही इतकी वर्षं शिकार करतो, शिशाने मेलेलं बदक कधी दिसलं नाही’, असं शिकारी म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत. आजारी बदक झाडोऱ्यात लपतं आणि कोल्हे, कावळे, गरुड त्याचा लवकरच फडशा पाडतात. मग ते शिसं गरुडाच्या पोटात जातं. अमेरिकेत बाल्ड ईगल असे मरू लागले, तेव्हा शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी घालण्याच्या मागणीला खरा जोर आला. विषबाधा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. निसर्ग-अभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी 1894 मध्येच टेक्सासमधल्या बदकांबद्दल लिहिलं होतं. 1959 मध्ये इलिनॉयचे पाणपक्षी-संशोधक फ्रँक बेलरोज यांनी अंदाज मांडला की उत्तर अमेरिकेतली 2 ते 3 टक्के बदकं दरवर्षी शिशाने मरतात. त्यानंतर पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर अमेरिकेत देशभर बंदी यायला 1991 उजाडलं. इतका उशीर मला अक्षम्य वाटतो, कारण तोवर पोलादी छर्रे हाताशी होते.

शिकाऱ्यांच्या शंका मात्र पोकळ नाहीत. शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8 च्या आसपास. त्यामुळे तेवढ्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका असतो आणि हवेत त्याचा वेग लवकर पडतो. यावर उपाय सोपा आहे: आकाराने दोन पायऱ्या मोठा छर्रा वापरायचा आणि लांबचा बार टाळायचा. पोलाद कठीण असल्यामुळे नळीवर ओरखडे पडू नयेत म्हणून काडतुसात छर्ऱ्यांभोवती जाड पेला असतो, आणि नळीच्या तोंडाशी फार आवळ चोक (छर्रे एकत्र ठेवण्यासाठी नळीचं तोंड अरुंद करणारा भाग) चालत नाही. त्याची गरजही नसते. मऊ शिसं नळीतच चेपतं आणि चेपलेले छर्रे इकडेतिकडे भरकटतात. पोलादी छर्रा गोल राहतो, म्हणून त्यांचा झुबका आपोआप घट्ट पडतो. टेक्सासमध्ये कबुतरवर्गातल्या पक्ष्यांवर चाचणी झाली. कोणतं काडतूस शिशाचं आहे हे शिकाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. पोलाद आणि शिसं, दोन्हींनी पक्षी मिळण्याचं प्रमाण सारखंच आलं.

जुन्या, नाजूक बंदुकीत पोलाद घालू नये, हे खरं आहे. तिथे बिस्मथ चालतं: ते मऊ आहे आणि शिशाच्या बरंच जवळ जातं, पण महाग पडतं. टंगस्टनची मिश्रणं आणखी महाग. जस्ताकडे मात्र वळू नये, ते पक्ष्यांना विषारीच आहे. खरी अडचण उरते ती प्लॅस्टिकच्या पेल्यांची, ते पाणथळीत पडून राहतात. आता कुजणारे पेलेही मिळतात, तेच घ्यावेत.

बदलाचा फायदा मोजलेला आहे. अमेरिकेत बंदीनंतर मिसिसिपीच्या स्थलांतर मार्गावरच्या हजारो मॅलार्ड बदकांच्या पेषण्या तपासल्या गेल्या. शिशामुळे होणारे मॅलार्डचे मृत्यू 64 टक्क्यांनी घटले असावेत, आणि 1997 च्या एका हंगामात सुमारे 14 लाख बदकं वाचली असावीत, असा संशोधकांचा अंदाज निघाला.

पण कायदा कसा लिहिला आहे यावर फार काही ठरतं. इंग्लंडने 1999 मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर बंदी घातली. मात्र इतर शिकारीसाठी तीच काडतुसं दुकानात मिळत राहिली. नंतर बाजारातून बदकं विकत घेऊन तपासली, तर दोन तृतीयांशांहून अधिक बदकं शिशानेच मारलेली निघाली. युरोपीय संघाचा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू झाला. त्यात पाणथळ जागा आणि तिच्याभोवतीचे 100 मीटर येतात. तिथे शिशाची काडतुसं जवळ बाळगण्यावरही निर्बंध आहेत, आणि हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दलदलीत उडालेला बार कोणत्या काडतुसाचा होता हे सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं, पण झोळीतलं काडतूस तपासता येतं. डेन्मार्कने हे 1996 मध्येच ओळखलं आणि शिशाचे छर्रे बाळगण्यावरही देशभर बंदी घातली. तिथे मारलेल्या पक्ष्यांत आता शिसं क्वचितच सापडतं, आणि शिकारही थांबलेली नाही.