चकमक झाली की एन्काउंटर केला?

आरमोरीच्या आमच्या पानठेल्यावर सकाळचा पेपर मोठ्यानं वाचला जातो. पोलिसांच्या गोळीनं कुणी मेल्याची बातमी आली की बाकावरचे आबाजी एकच विचारतात, "झाली का केली, थे सांग बाबू." पेपरात कधी 'चकमक' छापून येतं, कधी 'एन्काउंटर', आणि वाचणारे दोन्ही एकच समजतात. आबाजींचं व्याकरण पक्कं आहे. चकमक होते, एन्काउंटर केला जातो.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात चकमक ही खरीखुरी गोष्ट आहे. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांचा भूसुरुंग फुटला आणि 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. समोरून गोळी येत असताना जवानानं गोळी झाडली, तर कायदा त्याच्या पाठीशी असतो. पण हा अधिकार वर्दीचा नाही. रात्री शेतात कुणी कुऱ्हाड घेऊन अंगावर आलं तर शेतकऱ्याला स्वतःला वाचवण्याचा जो हक्क असतो, तोच हा. त्याची हद्दही तीच: धोका त्या क्षणी समोर हवा आणि बळ गरजेपुरतंच हवं. समोरच्यानं बंदूक खाली टाकली, तो जखमी होऊन पडला, त्याला बेड्या पडल्या, की तो हक्क तिथंच संपतो.

अटकेबद्दलही असाच गैरसमज आहे. "पळत होता म्हणून उडवला" हे कारण पुरत नाही. पकडताना आरोपीनं विरोध केला तर पोलीस बळ वापरू शकतात. पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार अटकेच्या कायद्यानं दिलेला नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतं, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेतही आहे. दारूबंदीच्या गडचिरोलीत पेट्या घेऊन नाकाबंदी तोडून पळणाऱ्या पोराला अडवता येईल, पाठलाग करता येईल. मारून टाकता येणार नाही. आणि आरोप खुनाचा असला, तरी हाती आलेल्याला गोळी घालायची मुभा त्यातून मिळत नाही.

एन्काउंटर इथंच वेगळा पडतो. 6 डिसेंबर 2019 ला हैदराबादजवळ बलात्कार-खुनाचे चार आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष आपल्या नागपूर खंडपीठात वकिली केलेले न्यायमूर्ती विकास सिरपूरकर होते. आयोगानं निष्कर्ष काढला की गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनंच झाडल्या होत्या, आणि 10 पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली. त्या मुलीसाठी माझंही रक्त उसळलं होतं. पण खटलाच झाला नाही, तर खरे गुन्हेगार हेच, हे ठरवलं कुणी?

सर्वांत अवघड जागा दोन्हींच्या मधली. एप्रिल 2018 मध्ये भामरागड-एटापल्लीच्या जंगलात कसनासूर भागात काही दिवसांत जवळपास 40 जण मारले गेले. कित्येक मृतदेह नंतर इंद्रावतीत सापडले. पोलिसांनी सगळ्यांना नक्षलवादी म्हटलं. त्यातली गट्टेपल्लीची काही पोरं लग्नाला निघाली होती, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. अशा वेळी पानठेल्यावर बसून कुणीच निकाल देऊ नये, मीही देत नाही. त्यासाठी चौकशी असते.

ती कशी व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयानं 23 सप्टेंबर 2014 ला आपल्याच राज्याच्या खटल्यात 16 मुद्द्यांत सांगितलं. प्रत्येक मृत्यूची एफआयआर व्हावी. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करावा, गोळी झाडणाऱ्यांनी नाही. दंडाधिकारी चौकशी व्हावी, शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करावं, त्याचं चित्रीकरण व्हावं. संशय फिटेपर्यंत मुदतीआधीची बढती नाही, शौर्यपदक नाही. बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 2024 ला, बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळीनं मेला. पोलीस म्हणाले, त्यानं आमचं पिस्तूल हिसकावलं. दंडाधिकारी अहवालात पाच पोलिसांवर ठपका आला.

आमच्याकडे चौकशी मागितली की लगेच ऐकावं लागतं, "तू काय दलमचा आहे का?" दलम म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी. हे मला फार लागतं. जवानानं खरंच जीव वाचवायला गोळी झाडली असेल, तर त्याच्यावरचा डाग पुसणारा कागदही या चौकशीतूनच निघतो.

पुढच्या वेळी पेपरात बातमी आली की आणखी काही दिवस आतली पानं उलटत राहा. कधीतरी बारीक अक्षरात उपविभागीय दंडाधिकाऱ्यांची जाहीर सूचना दिसते: घटनेची माहिती असणाऱ्यांनी अमुक तारखेला हजर राहावं. ती मराठीत असते. मेलेल्याची आई भामरागडच्या पलीकडच्या पाड्यावर असते, माडिया ही आदिवासी भाषा बोलते, आणि तिच्या पाड्यावर पेपर जात नाही.